रबरी रिव्हॉल्व्हर

जुन्या सिनेमातलं नायकाचं अस्सल रिव्हॉल्व्हर आर्डिथच्या शेजारी बसलेल्या संग्राहकाने घेतलं, तेव्हा लॉस एंजेलिसचा तो लिलावाचा हॉल टाळ्यांनी दणाणला. मग निघालं त्याच्यासारखंच दिसणारं रबरी रिव्हॉल्व्हर, घोड्यावरून पडण्याच्या दृश्यासाठी बनवलेलं. कुणी बोलीच लावेना. आर्डिथने नंबराची पाटी वर केली.

"अहो बाई, रबर आहे ते!" संग्राहक हसला. "अस्सल तर मघाशी मीच घेतलं."

"माहितीये. पडणाऱ्याला लागू नये म्हणून रबराचं देतात."

समोरच्या पडद्यावर तेच दृश्य लागलं. नायक भरधाव घोड्यावरून थेट मानेवर कोसळला आणि लगेच धूळ झटकत उठला. पुन्हा टाळ्या.

नायकाच्या वेशात पडले ते आर्डिथचे बाबा होते. उठला तो नायक.