वजनाइतका गूळ

"एका पारड्यात तू, दुसऱ्या पारड्यात गूळ," सोनूबाई सुनेला म्हणाली. "चैत्राच्या जत्रेला, देवीच्या दारात. मी नवस बोललेय."

श्वेताची भाकरी तव्यात दुमडून पडली.

"सगळ्या गावासमोर?"

"मग काय कोंबड्यांसमोर?"

शेजारची सकुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. म्हणजे दुपारपर्यंत ही बातमी टोकावड्याच्या स्टँडवर पोचणार होती.

लग्न होऊन आली तेव्हा श्वेता इतकी बारीक, की वारा सुटला तर धरून ठेवावी लागेल असं बायका म्हणायच्या. वर्षाच्या आत तिच्या पायांवर लाल ठिपके उठले. नाकातलं रक्त थांबेना. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं, पण चेहरा फुगून गोल झाला, मानेमागे मांस चढलं, लग्नातले ब्लाउज दंडाशीच अडकू लागले. येताजाता बायका विचारायच्या, "काय गो, गोड बातमी?"

तिने पाण्याला जाणं सोडलं. आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला. नवरा बोलायला आला तर नुसतं हं म्हणायची, आणि मागच्या विहिरीच्या कठड्याशी उगाच उभी राहायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत, जिवावर बेतेल. कमी करायच्या तेव्हा मी सांगेन.

त्यात हा नवस.

संध्याकाळी शेखर मुरबाडहून कामावरून आला आणि आईवर भडकला. "तिला दाराबाहेर पाऊल टाकायची लाज वाटते, आन् तू तिला काट्यावर बसवतेस?"

"रक्त देवीनं थांबवलं. देवीचं देवीला द्यायचं."

"मग मी बसतो पारड्यात."

"तू झोपला होतास तेव्हा तुझ्याच डोक्यावर हात ठेवून बोललेय. तिच्या वजनात खोट आली तर देवी पयला तुला धरंल."

शेखर हसला. श्वेता हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सोनूबाई पाण्याचा पेला घेऊन सुनेसमोर बसू लागली. गोळी आपल्या हाताने द्यायची.

"गीळ. आता तोंड उघड. जीभ वर कर."

"आई, ह्या गोळ्यांनीच मी अशी झालेय."

"कशी? भरलेली झालेस. देवीला भरलेलंच पारडं लागतं. हलकी होऊन गेलीस तर माझ्या लेकाचं काय करायचं?"

श्वेता गिळायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसायची नाही. सोनूबाईही पुसायची नाही. उठून पेला धुवायला जायची.

"बोकड पोसतात तशी सून पोसतेय," सकुबाई सगळ्यांना सांगत फिरली. ते सोनूबाईच्या कानावर आलं. "तिला म्हणावं, तुझी सून तर माझ्या दारात भात मागते. आधी तिला पोस."

एकदा भांडी घासता घासता श्वेता हळूच म्हणाली, "जत्रेपर्यंत राहिले तर बसेन पारड्यात."

सोनूबाईने तिच्याकडे पाहिलं.

"राहायला लागंल. नवस फिटल्याबिगर या घरात कुणाला मरता येत नाय."

त्या दिवसापासून तिने विहिरीवर झाकण बसवून घेतलं आणि पाणी स्वतः ओढू लागली. सुनेला पाण्यालासुद्धा हात लावू देत नाही, असं लोक म्हणाले.

माघात शेखरची मोटारसायकल खडीवरून घसरली. हात प्लास्टरमध्ये घेऊन तो घरी आला. त्याला बघून श्वेता भिंतीला टेकली. कुणी काही बोलायच्या आत ती फळीकडे गेली, डबा काढला आणि त्या दिवशीची गोळी स्वतःहून घेतली.

सोनूबाई त्या दिवशी जेवली नाही. देव्हाऱ्यापुढे दिवा लावायला बसली, तर काडी पेटेना. शेवटी दिवा शेखरनेच लावला, डाव्या हाताने.

"हातच मोडलाय आई, मेलो नाय."

"गप," ती म्हणाली. "तोंडाला आवर घाल."

मग डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणल्या आणि फाल्गुनात बंद केल्या. रक्ताचा कागद बघून ते म्हणाले, "नेमाने घेतल्यात म्हणून हे दिवस दिसले. चेहरा उतरेल, जरा दम धरा." परतताना मुरबाडच्या स्टँडवर श्वेताने उसाचा रस मागितला. कितीतरी महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं. शेखर दोन ग्लास घेऊन आला. सोनूबाई एसटीच्या पाटीकडे बघत उभी राहिली.

पण जत्रा जवळ आली तशी श्वेता पुन्हा मुकी झाली.

जत्रेच्या दिवशी देवळासमोरच्या आंब्याला मोठा काटा टांगला होता. कुणाचं तरी पोर पारड्यात बसून रडत होतं. सकुबाई आणि गावच्या बायका पुढे जाऊन जागा धरून उभ्या होत्या. त्यांना बघून श्वेताचे पाय थांबले. तिने शेखरचा बरा हात घट्ट धरला.

"आई, गूळ कुठाय?" शेखरने विचारलं.

काट्याकडे मान न वळवता सोनूबाई पुढे गेली. बायका बघत राहिल्या. ती सरळ गाभाऱ्यात शिरली. काय झालं म्हणून श्वेता तिच्यामागे धावली.

जिने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती, ती सासू पालथी पडून दगडावर नाक घासत होती.

"देवी आई, नवस मी बोललेच नव्हते. पोरगी गोळ्या मोरीत टाकत होती म्हणून खोटं बोलले. काय घ्यायचं ते माझं घे, लेकाला सोड."