कप्तानची आई

"आणि आता आपला कप्तान!" माईकवरून पुकारा झाला तशी शेवटच्या रांगेतली आई अर्धवट उठलीच. आला म्हणायचा एकदाचा. तिने दाराकडे पाहिलं. परवा सकाळी शिकवणीला म्हणून गेलेला तिचा पोरगा अजून घरी आला नव्हता. पण आजच्या निरोपसमारंभाला तो काहीही झालं तरी येणार, अशी तिची खात्री होती. सगळ्या वर्गाचं पान त्याच्यावाचून हलत नव्हतं. त्यानेच सांगितलं होतं तसं, आणि वर्गात त्याला कप्तान म्हणतात तेही.

दारातून कुणी आलं नाही. पुढच्या रांगेतून एक उंचच उंच, दात थोडे पुढे असलेला मुलगा उठला, बाईंना कडक सलाम ठोकून मंचावर चढला. पोरांनी बाकं बडवून नुसता धुमाकूळ घातला.

"हा कप्तान?" आईने शेजारच्या खुर्चीतल्या बाईला विचारलं.

"हो ना, आमचंच रत्न आहे ते," शेजारीण तक्रारीच्या सुरात म्हणाली, पण तिचा चेहरा कौतुकाने फुलून आला होता. "पाचवीपासून हेच नाव चिकटलंय. तुमचा कुठला?"

आई म्हणाली, येईलच इतक्यात.

एका वर्गात दोन कप्तान असतीलही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मंचावरचा मुलगा शाळेतल्या गमती सांगू लागला. सहलीत सगळे चुकून दुसऱ्याच शाळेच्या बसमध्ये चढले, तिथे जेवलेसुद्धा, आणि उतरताना आभाराचं भाषण कुणी केलं, तर याने. आईला ते भाषण तोंडपाठ होतं. रात्री जेवताना तिच्या पोराने ते हातवारे करून म्हणून दाखवलं होतं, आणि हसता हसता तिला ठसका लागला होता. मग खडूच्या डब्याची गोष्ट आली. डब्यात बेडूक ठेवला होता, असं तो मुलगा म्हणाला.

"सरडा," आईच्या तोंडून निघून गेलं.

"सॉरी, बेडूक नाही, सरडा," मंचावरून दुरुस्ती झाली. शेजारणीने चमकून विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"घरी सांगायचा तो," आई म्हणाली, आणि आपण 'सांगायचा' म्हणालो हे लक्षात येऊन तिने लगेच सुधारून घेतलं. "सांगतो."

एकेक गोष्ट येत गेली. तिला सगळ्या ठाऊक होत्या. फक्त घरी त्या सगळ्या 'मी'ने सुरू व्हायच्या. आणि इथे, बसमध्ये नाही, डब्यापाशी नाही, कुठल्याच गोष्टीत तिचा पोरगा नव्हता.

भाषणं संपल्यावर तिने कप्तानला पाण्याच्या पिंपापाशी गाठलं. लाज बाजूला ठेवून सगळं सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं, आणि कुणाच्या घरी गेला असेल, असं विचारलं. त्याने आणखी चारपाच जणांना बोलावलं. तो चष्मेवाला ना, एकीने विचारलं. चष्मा नाही त्याला, आई म्हणाली. शेवटच्या बाकावर बसतो तो, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, छे, खिडकीपाशी. एवढ्यावरून त्यांच्यातच वाद लागला.

कप्तानने त्यांना हातानेच थांबवलं. मग हळूच म्हणाला, "काकू, तो फारसा बोलत नाही कुणाशी. पण आम्ही काही केलं ना, की सगळ्यात जास्त तोच हसतो."

"आणि मधल्या सुट्टीत? कोणाबरोबर असतो?"

तुझ्याबरोबर असतो का, असं पोरं एकमेकांनाच विचारू लागली. आईला त्यांचा राग येईना. आला असता तर बरं झालं असतं.

तिला आठवलं, आईवडिलांनाही बोलावणं आहे म्हटल्यावर तो केवढा कावराबावरा झाला होता. तू नको येऊस, कंटाळशील. मग म्हणाला, कार्यक्रम रद्दच होणार आहे. ती हसून म्हणाली होती, मी येणार म्हणजे येणार, माझ्या कप्तानला मंचावर बघायचंय मला. तो ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. बापाशी झालेल्या भांडणावरून गेला असेल, एवढंच ती दोघं समजत होती. तिच्यामुळे गेला होता तो. ती येणार म्हणून गेला होता.

तेवढ्यात फोटोसाठी बोलावणं आलं. सगळे पायऱ्यांवर उभे राहिले, कप्तान मधोमध. उजवीकडे जागा राहतेय, आत सरका, असं फोटोवाला ओरडला. सगळे सरकले. जागा भरली.

"आले का सगळे?" त्याने विचारलं.

"होऽऽ!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला.

आई फाटकाबाहेर आली. घाईत फोन दोनदा चुकीचा लागला. नवरा सकाळपासून पोलीस चौकीतच बसून होता.

"अहो, आपण त्याचं वर्णन चुकीचं दिलंय. सांगा त्यांना."

"काय चुकलं? शर्ट?"

"शर्ट बरोबर आहे. उंचीही बरोबर आहे." तिने फाटकाकडे पाठ केली. "मी धीट म्हणून सांगितलं होतं ना? पुष्कळ मित्र आहेत, कुणाकडे तरी असेल, असं? ते खोडायला सांगा. कुणी नाही त्याला."

"अगं, काय बोलतेस तू?"

"आणि नीट बघा म्हणावं," ती म्हणाली. "समोर असला तरी दिसत नाही तो कुणाला."