परतीचा भाव

सकाळी नाब्विरे म्हातारी नातवाला पाठीशी बांधून बुसियाच्या सीमेवर आली. पोर तापाने कण्हत होतं. पलीकडच्या दवाखान्यासाठी छत्रीखाली बसून पैसे बदलून देणाऱ्या ओजाम्बोने तिचे युगांडाचे शिलिंग घेऊन केनियाचे दिले.

दिवस कलताना ती परत आली. "हे पुन्हा आपले करून दे."

"काय मावशी, एका दिवसात दोनदा माझी चांदी केलीस की! सकाळचा भाव आता मिळायचा नाही हं." नोटा घेताना ओजाम्बोने तिच्या पाठीकडे पाहिलं. "डॉक्टरने फुकट तपासलं वाटतं? कसं गाढ झोपलंय!"

"हळू बोल रे. दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही आम्ही. शवपेटी करणारा सुतार आपल्या गावचा आहे. त्याला केनियाचे पैसे चालत नाहीत."