दुपारी दोनची नोंद

"सही करणार न्हाई." दौलतरावांनी कागद टेबलावरून परत सरकवला. "माझ्या नोंदीत कुणीतरी हात घातलाय."

मॅनेजर रणजीतनं तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. चाकणच्या या कारखान्यात स्कूटरच्या ब्रेकचे लिव्हर बनायचे. त्यातला एक भर रस्त्यात मोडला. स्कूटरवरची बाई पिंपरीच्या दवाखान्यात पडून होती. त्या मालाची तपासणी दुपारी दोनला झाली, सगळा माल पास, अशी नोंद होती. तपासणी करणारे दौलतराव. चूक कबूल असल्याच्या कागदावर आता त्यांची सही हवी होती.

बावीस वर्षांत त्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती. जुन्या वहीत साहेबलोक खाडाखोड करायचे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर वहीच्या जागी संगणकावर खाडाखोड न करता येणारं ब्लॉकचेन आलं तेव्हा सगळ्यांत खूश तेच. "आता चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या न्हाईत," असं चारचौघांत म्हणालेही होते.

ती यंत्रणा बसवणाऱ्या वर्षालीला नोंद तपासायला त्यांनीच हट्टानं तिच्या माणच्या ऑफिसातून बोलावून घेतलं होतं.

"काका, प्रत्येक नोंद मागच्या नोंदीला बांधलेली असते," लॅपटॉप उघडत ती म्हणाली. "शिवाय प्रती चार ठिकाणी. एकीला धक्का लागला की बाकीच्या बोंब मारतात."

"मग बघ की पोरी. सगळ्यांसमोर बघ."

तिनं पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"कुणी हात लावलेला नाही, काका. तुम्ही टाकली तशीच आहे." आणि तिनं लॅपटॉप हळूच त्यांच्याकडे वळवला.

तपासणीची वेळ, दुपारी दोन. नोंद टाकल्याची वेळ, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

दौलतराव बघतच राहिले. सकाळच्या चहाआधी दिवसभराच्या नोंदी भरून मोकळं व्हायचं, ही त्यांची वहीच्या काळापासूनची रीत. माल चांगलाच निघायचा, मग खोळंबा कशाला? रीत इतकी जुनी, की ती लबाडी आहे हे ते स्वतःच विसरून गेले होते. दोनला जो माल तपासला म्हणून लिहिलं, तो आठला बनलासुद्धा नव्हता.

कुणीतरी हात घातला असता तर बरं झालं असतं, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"ती बाई... चालंल ना परत?"

रणजीतनं पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी कागद जवळ ओढला आणि सही केली. खाली वेळ लिहायची होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, वेळ लिहिण्याआधी दौलतरावांनी घड्याळाकडे पाहिलं.