मिरजेतली चौकशी

"समोरची माणसं कशी आहेत हो? भांडखोर नाहीत ना?" कुमुदिनीबाईंनी पायरीवर मेथी निवडणाऱ्या शेजारणीला विचारलं. मुंबईचं भाडं पेन्शनीत बसेना, म्हणून त्या मिरजेत समोरच्या घरातली खोली भाड्याने बघायला आल्या होत्या.

"देवमाणसं आहेत. घर भक्कम. आणि मुलगी म्हणाल तर हाताला चव आहे बघा. तुमचा मुलगा काय करतो?"

कुमुदिनीबाईंना हसू आलं. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाईही अशाच कुणाच्या पायरीवर बसून त्यांची चौकशी करून गेल्या होत्या. "अहो, मी स्थळ नाही, राहायला खोली बघतेय. एकटीच आहे."

शेजारणीचे हात थांबले. "मग आधी सांगायचं की. ती खोली घेऊ नका. छप्पर गळतंय, आणि मालक पाण्यावरून रोज भांडतोय. मुलीचं तेवढं जमू दे, म्हणून बोलले मी."

मुलीसाठी बेधडक खोटं बोललेली ही बाई परक्या म्हातारीला मात्र फसू देत नव्हती. कुमुदिनीबाई तिच्या शेजारी टेकल्या आणि त्यांनी मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.

"गाव पसंत आहे," त्या म्हणाल्या. "आता घर तुम्ही दाखवा."