न पुसलेली जागा

दुसरेपणावर मुर्री गावातल्या या घरात आलेली अल्का दोन महिने झाले तरी तांदूळ पिशवीतच ठेवत होती. फळीवरचा स्टीलचा डबा रिकामा होता, पण त्यावर वारलेल्या पहिल्या बायकोचं नाव कोरलेलं होतं: शामकला. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली शामकलाची लेक भूमिका वैतागून म्हणाली, “मावशी, बेरीज भलतीच येऊन राहिली!” “काऊन?” अल्कानं कारण विचारलं. “पायथनले, ह्या कंप्युटरच्या भाषेले, आकड्यांसाठी रिकामी रांग मागतली. तो जागा देते, पुसून नाही देत. पहिलेचे आकडे तसेच राहतेत.” “मंग पुसावं लागते?” “नाही. आपले भरले की झालं. मी न भरताच बेरीज केली.” अल्काची नजर फळीकडे गेली. भूमिकानं ते पाहिलं, उठून डबा काढला आणि तिच्या मांडीवर उपडा ठेवला. तळावर झिजलेली अक्षरं होती: पार्वताबाई. “हे आजीचं नाव. आईनं नव्हतं पुसलं. भर तू तुझे तांदूळ, मावशी.”