गोडं पाणी

वैशाखात कावेरी आटली, तरी मुकुंदराव पहाटे वाळूत झरा खणून घागरभर गोडं पाणी आणत आणि पंच्यातून गाळून मोटारीच्या रेडिएटरमध्ये ओतत. घरानं मात्र विहिरीचं खारं पाणी प्यायचं. “खाऱ्या पाण्यानं हिच्या नळ्या चोंदतात,” ते बॉनेट कुरवाळत म्हणत. “आणि आमच्या आतड्यांचं काय?” त्यांची बायको भवानी मनात फणफणे. मूल व्हावं म्हणून तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामीला बोललेल्या अभिषेकासाठी तिनं त्याच झऱ्याचं पाणी कलशात घेतलं. देवळाच्या वाटेवर मोटार उकळली. जवळपास पाणी नव्हतं. वाफ ओसरताच मुकुंदरावांनी कलशाला हात घातला. “दे इकडे. देव थांबेल, बिचारीचा घसा सुकलाय.” एवढा कळवळा भवानीच्या वाट्याला कधी आला नव्हता. तिनं देवाचा कलश तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला. “देवाची क्षमा मागेन,” ती म्हणाली, “सवतीला पाणी पाजणार नाही.”